सोडून देण्याचा हंगाम

(लातूर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावर आजवर पाणी, शेती, शिक्षण, साहित्य असे भारदस्त विषय झाले. यंदा खेड्यापाड्यांत टाकून दिलेल्या पाळीव जनावरांवर आणि त्यांच्या सुटकेवर बोला, असा निरोप आला. विषय हलका आहे असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी तासभर कळ काढावी. माझी नोकरी पशुसंवर्धन खात्यात झाली, आणि तीही नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतच. लसीकरण, कृत्रिम रेतन, शवविच्छेदन, पंचनामे ही आमची कामं. या कामांच्या यादीत सोडून दिलेलं कुत्रं कुठेच बसत नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर मात्र ते हमखास बसलेलं असायचं.

सुरुवातीलाच एका आक्षेपाचं उत्तर देतो, म्हणजे तो मनात ठेवून कुणाला बसावं लागणार नाही. "इथे माणसाला प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही कुत्र्यामांजरांचं काय घेऊन बसलात?" प्रश्न खोटा नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली ती याच शहरात. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या दुष्काळाच्या जखमा इथे बसलेल्या अनेकांच्या घरात आहेत. पण त्याच काळात मराठवाड्यात चारा छावण्याही चालल्या, हे आठवून पाहा. दावणीची जनावरं घेऊन माणसं छावणीत राहायला गेली. घरातला म्हातारा किंवा तरणा पोरगा महिनोन्‌महिने बाजेवर, ताडपत्रीच्या सावलीत, जनावरांजवळ झोपला. बाजेखाली घरचं कुत्रंही असायचं. स्वतःच्या हालांना पारावार नसताना ही माणसं जनावराला चिकटून राहिली, कारण दिवसाला जनावरामागे ठरलेला चारा आणि पाणी मिळेल अशी सोय तिथे होती.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच. आपल्याकडचा माणूस निर्दय झाला म्हणून जनावर सोडत नाही. सोडण्यावाचून दुसरी वाट त्याला दिसत नाही, आणि बाकीच्या वाटा बंद होण्याची वेळ दर वर्षी ठरलेली असते. पेरणीला हंगाम असतो तसा सोडून देण्यालाही हंगाम आहे. तो हंगाम ओळखून आधी पोचलं, तर सुटकेचं निम्मं काम करावंच लागत नाही.

हा हंगाम महिन्यांच्या क्रमाने बघू.

भाद्रपद आणि कुत्री यांचा संबंध आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे; त्यावर हसून आपण पुढे जातो. जरा हिशेब करा. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. भाद्रपदात फळलेली कुत्री कार्तिकात विते. आणि कार्तिकात आपल्या भागात काय होतं? कोयता निघतो. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतल्या वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या मागेपुढे कारखान्यांकडे जातात, त्या उन्हाळा लागल्यावर परततात. म्हणजे गावात पिल्लांचा सुकाळ होतो नेमक्या त्याच महिन्यात निम्मा तांडा रिकामा होतो. हे दोन हिशेब आपण कधी एकत्र मांडलेच नाहीत.

टोळी निघते ती रात्री. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, भांडी, सरपण, ज्वारीचं पोतं, कोंबड्यांचं खुराडं, एखादी शेळी आणि सगळ्यांवर पांघरुणात गुंडाळलेली लेकरं. मुकादम घाई करत असतो. कुत्रं आधी ट्रॉलीभोवती घिरट्या घालतं, मग चाकं हलली की मागे धावतं, फाट्यापर्यंत जातं. एका तोडकऱ्याला मी विचारलं होतं की याचं कसं करणार. तो म्हणाला, "सायब, सहा महिने आमचाच पत्ता नसतोय. ह्याला कुटं नेताव?" यात निर्दयपणा कुठे शोधायचा? काही जण कुत्रं नेतातही. मग कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या गर्दीत ते वाढतं, वितं, आणि गाळप संपून पट्टा पडला की त्याची पिल्लं तिथेच राहतात. तांड्यावर उरतात त्या म्हाताऱ्या. आपल्या वाट्याच्या भाकरीतली चतकोर त्या दारातल्या चार कुत्र्यांना वाटून टाकतात. चार महिन्यांत ती कुत्री फासळ्या मोजाव्यात अशी होतात आणि पोटासाठी शेळ्यांच्या करडांवर जातात. मग कुणीतरी विष घालतं.

पिल्लांचं याहून सोपं काम. नर पिल्लू राखणीला कुणीतरी नेतं, माद्या उरतात. त्यांना पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात, बाजाराच्या ओट्यावर किंवा देवळासमोर सोडतात. मांजराचंही तसंच, ओढा ओलांडून सोडलं की ते वाट विसरतं, असं म्हणतात. पण पलीकडच्या गावाचंही पोतं तयार असतं, आणि ते अलीकडे येतं. दोन गावं एकमेकांची पिल्लं अदलाबदल करत बसतात आणि दोघांनाही वाटतं की आपलं ओझं उतरलं.

दुसरा हंगाम मे-जूनचा. त्याचा मान मध्यमवर्गाकडे जातो. बदल्या होतात, भाड्याची घरं बदलतात, मुलांच्या शिकवणीसाठी बिऱ्हाड लातूरला हलतं, आणि नव्या घरमालकाला कुत्रं चालत नाही. पाचदहा हजार मोजून आणलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू वर्षभरात तीस किलोचं झालेलं असतं. त्याच्या अंगावर गोचीड असतो, केस गळत असतात, आणि ज्या मुलाच्या हट्टासाठी आणलं तो आता परीक्षेच्या मागे असतो. अशा वेळी घराघरांत एकच वाक्य निघतं: "शेतावर सोडू, मोकळं राहील."

शेतावर म्हणजे आखाड्यावर. तिथे सालगडी असतो, त्याची स्वतःची भाकर मोजकी असते, आणि या पाहुण्याला सकाळी दूधपोळी लागते. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या किनाऱ्यावर थंडगार समुद्रात कोळ्यांची जाळी ओढायचे. त्यांच्या अंगावरची दाट दुहेरी लव मराठवाड्याच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात काय करणार? याच लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या जानवळसारख्या गावाने कारवान जातीची कुत्री सांभाळली. सडपातळ, लांब पायांची, या उन्हात ससा गाठणारी. ती सोडून आपण बर्फातली जात आणली, आणि ती इथे टिकली नाही की तिला शेतावर सोडलं.

कंधारच्या बाजूला एका आखाड्यावर मी असंच एक कुत्रं पाहिलं. पांढरं, लोकरीसारख्या केसांचं. त्या भागात अशा प्रत्येक कुत्र्याला पामेरियन म्हणतात. गोठ्याच्या कोपऱ्यात मान वाकडी करून बसलेलं, आणि दहा फुटांवरून वास येत होता. सालगडी म्हणाला, "मालक म्हनले राखनीला ठिवा. सायब, ह्ये राखन कसली करतंय, ह्येलाच राखावं लागतंय." पिल्लू असताना गळ्यात नायलॉनची दोरी बांधलेली होती. पिल्लू वाढलं, दोरी वाढली नाही. ती कातडीत रुतली, वरून मांस आलं, केसांनी ती झाकली, आणि आत अळ्या पडल्या.

अशा कुत्र्याला धरायचं कसं, हे सांगतो, कारण सुटकेच्या कामातला सर्वांत मोठा भाग हाच आहे आणि तो कुणी शिकवत नाही. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. अंगावर वाकायचं नाही. त्याच्याकडे पाठ किंवा खांदा करून खाली बसायचं आणि भाकरीचा तुकडा लांबवर टाकायचा, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. यात अर्धा तास गेला तर जाऊ द्यायचा. जवळ आल्यावर जुन्या धोतराची चार बोटं रुंद पट्टी घ्यायची, नाकाडावरून फिरवून खाली गाठ मारायची, आणि दोन्ही टोकं कानांमागे नेऊन सुटी गाठ द्यायची. कितीही गरीब कुत्रं असलं तरी दुखऱ्या जागी हात लागला की चावतं. त्यात त्याचा दोष नाही. मग केस कातरायचे. त्या दिवशी केस कातरल्यावर निळ्या दोरीचा एकच धागा दिसला. कात्रीचं बोथट टोक त्याखाली सरकवून दोरी तोडली, आणि ती ओढताना मानेभोवतीचा सगळा घेर उघडा पडला. अळ्या चिमट्याने एकेक काढायच्या, जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवायची, औषध भरायचं. आणि हे पुढचे आठ-दहा दिवस रोज कुणीतरी करायला हवं. डॉक्टर एक दिवस येतो. पुढचे दिवस सालगड्याचे. त्या सालगड्याने ते केले. ज्या मालकाने कुत्रं आणून टाकलं, त्याचा त्या काळात फोनही आला नाही.

आता कायद्याकडे वळू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा आहे. पाळलेलं जनावर भुकेने-तहानेने तळमळेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वी पन्नास रुपयांना किंमत होती. आज कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही त्यात येत नाही. जनावराला ठार मारणं किंवा पांगळं करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे विष घालणाऱ्याला कायदा जड आहे, आणि त्या कुत्र्याला तिथवर आणून सोडणारा पन्नास रुपयांत मोकळा. या दंडावर विसंबून गावातलं एकही जनावर वाचणार नाही, हे आपण मान्य केलेलं बरं.

मारून प्रश्न सुटतो, हाही समज जुना आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज दंडाधिकाऱ्यांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस लावलं. पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. पण त्या प्रकरणात मला रस आहे तो दंगलीनंतरच्या भागात. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ उभं राहिलं. मारू नका एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. मग ठेवायचं कुठे, याचं उत्तरही त्यांनी खिशातून दिलं. आपल्या खेड्यांकडेही एक उत्तर होतं, कोंडवाडा. १८७१ च्या कायद्याने त्याला नियम घालून दिले: जनावराची नोंद, खुराकी, मालकाला दंड, आणि मालक आलाच नाही तर लिलाव. कोंडवाड्यात दया नव्हती, जनावरांचे हालही होत. पण हे जनावर कुणाचं, आणि आज त्याला कोण घालणार, हे दोन प्रश्न तिथे रोज वहीत लिहिले जात. आज गावोगावच्या कोंडवाड्याच्या भिंती पडल्या, जागेवर गाळे निघाले, आणि त्या दोन प्रश्नांसाठी गावात वही उरली नाही.

उन्हाळ्यातल्या मोठ्या जनावरांचा हंगाम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. या दोन जिल्ह्यांनी देशाला गोवंशाच्या दोन नामांकित जाती दिल्या. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी, तिच्यातले वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार. कातडीच्या रंगावरून आणि डोळ्यांभोवतीच्या काळ्या वर्तुळावरून जनावर ओळखणारी माणसं इथे अजून आहेत. तीच माणसं भाकड गाय किंवा थकलेला बैल रात्री हायवेला नेऊन सोडतात, हेही खरं आहे. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला मी उभा नाही. एवढंच म्हणतो की विक्रीची जुनी वाट बंद झाली तेव्हा नवी वाट सगळ्यांना मिळाली नाही. देशी गाई सांभाळणाऱ्या गोशाळांना जनावरामागे दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. गोशाळा जवळ असेल त्याला त्याचा उपयोग. मुखेडच्या डोंगराळ वाडीवरचा शेतकरी थकलेला बैल टेम्पोत घालून गोशाळेपर्यंत नेणार कुठल्या पैशाने?

शेजारच्या बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडी गावी शब्बीर सय्यद नावाचे गृहस्थ आहेत. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, ती गाईबैल सांभाळल्याबद्दल. कमी पावसाच्या त्या तालुक्यात त्यांच्या कुटुंबाने शंभरावर जनावरं सांभाळली. दूध विकायचं नाही, शेणखत विकून भागवायचं. बैल शेतकऱ्याला देताना तो थकला तर परत आणून द्यावा अशी अट ते घालतात, असं त्यांच्याबद्दलच्या बातम्यांत आलं आहे. त्या अटीकडे जरा बारकाईने बघा. जनावर देतानाच परतीचा रस्ता ठरवून दिला जातो. ज्याला बैल परत नेऊन देता येतो, तो हायवेवर सोडणार नाही. आपल्या शहरांतल्या कुत्री विकणाऱ्यांना ही एक अट घातली तर? श्वानपैदास आणि विक्रीसाठी २०१७ चे नियम आहेत, पेट शॉपसाठी २०१८ चे. नोंदणीशिवाय पैदास करायची नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. हे नियम लातूर-नांदेडच्या किती दुकानांच्या भिंतीवर लागलेत, हे घरी जाताना बघा.

शेवटचा हंगाम पुराचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, १८ तारखेला, मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरातली रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं रात्रीतून पाण्यात गेली. लष्कराला बोलवावं लागलं, हसनाळमध्ये माणसं दगावली. जनावरंही मेली, आणि त्यांतली कितीतरी मेली ती दावणीला बांधलेली असल्यामुळे. म्हैस पोहते, बैल पोहतो, कुत्रं पोहतं. पण दावं आणि साखळी पोहू देत नाही. अंधारात, गळ्यापर्यंत पाणी असताना गाठ सुटत नाही. म्हणून पुराच्या काठावरच्या प्रत्येक गोठ्यात आढ्याला एक विळा खोचलेला असावा आणि गाठ ओढताच सुटणारी असावी. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळ आलं तेव्हा कुत्रीमांजरं सोडून यायला तयार नसलेली माणसं बुडत्या घरांत मागे राहिली. त्यातून २००६ साली तिथे कायदा झाला की आपत्तीतल्या सुटकेच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचीही तरतूद हवी. जनावर वाचवणं हा माणूस वाचवण्याचाच भाग आहे, हे त्यांना माणसं गमावून कळलं. आपल्या जिल्ह्यांच्या मान्सूनपूर्व बैठका आता होतीलच. बोटी किती आणि पट्टीचे पोहणारे किती, याबरोबर जनावरं कुठल्या उंचवट्यावर न्यायची, हा एक रकाना त्या तक्त्यात वाढवायला हरकत नसावी.

आता रेबीजबद्दल, कारण तो शब्द उच्चारल्याशिवाय कुत्र्यांवरचं कुठलंही भाषण प्रामाणिक होत नाही. सोडून दिलेलं कुत्रं लस न घेतलेलं असतं, घाबरलेलं असतं, आणि चावतं. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लक्षणं दिसू लागल्यावर या आजारातून माणूस वाचत नाही, म्हणून सगळी लढाई त्याआधीची. लोकांची भीती खरी आहे, आणि प्राणिप्रेमी मंडळींनी तिची टिंगल करू नये. पण भीतीवरचा इलाज काय, ते शेजारच्या गोव्याने दाखवलं. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने गावोगाव जाऊन दर वर्षी कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत मुलांना शिकवलं, चाव्यांच्या तक्रारींची नोंद ठेवली. २०१७ नंतर काही वर्षं तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब कोकणीत बरोबर येतो तर मराठवाड्यात चुकण्याचं कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये मोकाट कुत्र्यांचा विषय गाजला. ऑगस्टमध्ये आदेश झाला की नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडावं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. शहरांत यावर बरीच चर्चा झाली. तालुक्याच्या गावात निवारा नावाची वस्तूच नाही, हे त्या चर्चेत फारसं आलं नाही. निवारा नसताना कुत्री हलवायची म्हणजे ती जवळच्या खेड्याच्या शिवारात जाणार, ही माझी काळजी आहे. महापालिकेची हद्द कागदावर संपते. टेम्पो पुढे जातो.

तक्रार पुरे. करता येण्यासारखं सांगतो, आणि तेही हंगामाच्या क्रमानेच.

भाद्रपदाआधी नसबंदी. ज्येष्ठ-आषाढात तालुक्यातल्या एका ठिकाणी शिबिर भरलं, तर कार्तिकातली पोती निम्म्याने कमी होतील. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि त्यात ग्रामपंचायतही येते. एका ग्रामपंचायतीला हे झेपणार नाही. दहा पंचायतींनी मिळून, मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करावं. उदगीरला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया शिकणारे हात तिथे आहेत, आणि ज्यांच्यावर ती करायची ती कुत्री आपल्या गावांत. या दोघांची गाठ घालून देणं हे जिल्हा परिषदेचं काम.

कोयता निघण्याआधी राखणीची नोंद. टोळी जाताना कोणतं जनावर कुणाकडे राहिलं हे ग्रामपंचायतीच्या वहीत लिहा, आणि तांड्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यासाठी धान्य द्या. सहा महिन्यांची ज्वारी, दोन पोती. गावच्या जत्रेतल्या एका ऑर्केस्ट्राच्या खर्चात अख्ख्या तांड्याची कुत्री जगतील, आणि म्हातारीच्या वाट्याची चतकोरही वाचेल.

मार्गशीर्षात माळेगाव. खंडोबाच्या या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, गुरं यांचा मोठा बाजार भरतो, आणि भटक्या समाजांची पालं पडतात. ज्यांच्याकडे एरवी आमचं पथक पोचत नाही, ती माणसं जनावरांसह तिथे आपणहून आलेली असतात. लस, जंताचं औषध आणि नोंदणी यांचा एक तंबू तिथे हवा, आणि तो भाषणाच्या मांडवाइतका मोठा हवा. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाबरोबर कुत्रं आहे, माहूरच्या दत्ताच्या पायाशी चार आहेत. देवाजवळच्या कुत्र्याला हात जोडणारा समाज दारातल्या कुत्र्याची लस विसरतो. त्याला आठवण करून द्यायला यात्रेसारखी जागा नाही.

उन्हाळ्यात पाणी आणि परतीची सोय. १९६२ या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं, तो क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर असावा. जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. तिची बैठक कधी झाली, एवढा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. आणि ज्यांना शहरातलं कुत्रं शेतावर सोडायचंच आहे, त्यांनी आधी सालगड्याला विचारावं, त्याच्या भाकरीचे पैसे द्यावेत, लसीचं कार्ड बरोबर द्यावं, आणि महिन्यातून एकदा तिथे जावं. मग त्याला सोडून देणं म्हणता येणार नाही.

या कामाला फार मोठं मन लागत नाही. मन आपल्याकडे आहे. चारा छावण्यांत ते दिसलं, पूर ओसरल्यावर मेलेल्या म्हशीजवळ बसलेल्या माणसांत ते दिसलं. वही नाही, वेळापत्रक नाही, आणि जबाबदार माणसाचं नाव नाही. या तिन्ही गोष्टी ग्रामसभेच्या एका ठरावात बसतात. येत्या १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेवर हा विषय यावा असं वाटत असेल तर अर्ज त्याआधी द्यावा लागतो. अर्जाचा नमुना मी बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात गावाचं नाव आणि सही एवढ्याच जागा रिकाम्या आहेत. जाताना घेऊन जा.